प्लूटो, हर्षल आणि केतकरांचा ब्रह्मा

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून सगळ्यांनी माळे रिकामे केले, आणि आमच्या माळ्यावर प्लूटो सापडला.

थर्माकोलचा. लिंबाएवढा. पोस्टर कलरने राखाडी रंगवलेला, एका बाजूला उंदराने थोडा कुरतडलेला. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, त्यामुळे असा गोळा म्हणजे आता पुराणवस्तूच. शनीची कडी, गुरूचा मोठा लाल डाग वगैरे केव्हाच कचऱ्यात गेलं. हा एकटा कसा मागे राहिला कोण जाणे. बहुधा त्या वर्षी तो कुठे ठेवायचा हेच ठरलं नव्हतं म्हणून असेल!

ते वर्ष २००६. वर्तकनगरात आमच्या म्हाडाच्या बिल्डिंगच्या गणपतीला 'आपली सूर्यमाला' असा देखावा करायचं ठरलं होतं. कल्पना माझी, त्यामुळे मजुरीही माझीच. जांभळी नाक्यावरून थर्माकोलचे गोळे आणले, नायलॉनच्या दोऱ्या आणल्या. मधोमध सूर्याच्या जागी बाप्पा आणि भोवती नऊ ग्रह. ऑगस्टच्या मध्यावर, दहीहंडीच्या सुमारास, पेपरात आलं की प्रागला खगोलशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली आहे आणि ग्रह आता बारा होणार. १६ ऑगस्टचा तो प्रस्ताव होता: सेरेस, प्लूटोचा जोडीदार शेरॉन आणि २००३ यूबी ३१३ असं गाडीच्या नंबरप्लेटसारखं नाव असलेला एक नवा गोळा, असे तीन वाढणार. मी धावत जाऊन आणखी तीन गोळे आणले. २४ तारखेला, गुरुवारी, बातमी आली की बारा तर नाहीतच, नऊसुद्धा नाहीत. आठ. आणि गणपती २७ तारखेला, रविवारी.

शुक्रवारी रात्री मंडपात जी सभा भरली ती प्रागच्या सभेपेक्षा फारशी वेगळी नसावी. पोरं म्हणत होती, प्लूटो काढा. पोरांच्या आया म्हणत होत्या, राहू द्या, शाळेच्या पुस्तकात अजून नऊच आहेत. खजिनदारांचं म्हणणं, रंगाचे पैसे गेलेत, लटकवा. एका मुलाने विचारलं, "मग आता नवग्रहांचे अष्टग्रह होणार का?" तळमजल्यावरच्या आजी वाती वळत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या नवग्रहांत तो कधी नव्हताच. जाईल कुठून?"

सगळे हसले. मीही हसलो. पण आजी शंभर टक्के बरोबर होत्या, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात त्याआधी कधी आली नव्हती.

म्हणजे बघा. रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. या नवग्रहांत सूर्य आहे, जो तारा आहे. चंद्र आहे, जो उपग्रह आहे. राहू आणि केतू तर वस्तूच नाहीत, ते आकाशातले दोन बिंदू आहेत: चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो ते पात. ते उलट्या दिशेने सरकत साडेअठरा वर्षांच्या थोड्या वर एक फेरी पूर्ण करतात. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या शेवटी स्पष्ट लिहून ठेवलं की ग्रहणं सावल्यांनी होतात. तरी राहू-केतू यादीतून गेले नाहीत, कारण ग्रहणाचं गणित करायला ते बिंदू लागतातच. आणि या यादीत पृथ्वी नाही. असणारच कशी? आपण तिच्यावर उभं राहून बाकीच्यांकडे बघतोय.

'ग्रह' म्हणजे धरणारा, पकडणारा. ग्रीकांचा शब्द होता भटक्या. दोन्ही याद्या आकाशात ताऱ्यांमधून सरकणाऱ्यांच्या, दोन्हींत सूर्य-चंद्र. कोपर्निकसनंतर युरोपात यादीतून सूर्य गेला, चंद्र गेला, पृथ्वी आत आली. प्लूटोच्या गच्छंतीपेक्षा केवढी मोठी उलथापालथ! पुढे ते शास्त्र मराठीत आलं तेव्हा आपण नव्या यादीसाठी जुनाच शब्द घेतला. एका शब्दाच्या दोन याद्या झाल्या, एक देवघरात आणि एक शाळेत. १९३० साली प्लूटो सापडल्यावर शाळेच्या यादीतही नऊ झाले आणि पुढची ७६ वर्षं दोन्हींचा आकडा जुळला. निव्वळ योगायोग. पण त्या योगायोगावर केवढी भाषणं झाली आहेत! 'आपल्या पूर्वजांना नऊ ग्रह माहीत होते' हे वाक्य मी शाळेत असताना निदान तीन पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं असेल.

मराठीत आणखी एक गंमत शिल्लक आहे. विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ ला शनीपलीकडचा ग्रह शोधला. त्याला तिसऱ्या जॉर्ज राजाचं नाव द्यायचं होतं. फ्रेंचांना इंग्रजांच्या राजाचं नाव कसं चालणार, तिकडे अनेकांनी शोधणाऱ्याचंच नाव दिलं. जर्मनीत बोडेने 'युरेनस' सुचवलं. इंग्रजांच्या नाविक पंचांगाने राजाचं नाव १८५० च्या सुमारापर्यंत सोडलं नाही. शेवटी जगाने युरेनस घेतलं, पण मराठी कुंडलीत आजही 'ह' लिहितात. हर्षल! जर्मनीतून इंग्लंडात आलेल्या वादकाचं आडनाव इतकं संस्कृत होऊन बसलं की त्याचं मूळ कुणाच्या मनातही येत नाही. जुने ज्योतिषी 'ह', 'ने', 'प्लु' धरत नाहीत, नवे धरतात. २००६ नंतर 'प्लु' काढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. प्रागचा ठराव कुंडलीला लागू नसावा.

हे सगळं त्या रात्री मला माहीत नव्हतं. मला माहीत होती एकच गोष्ट, आणि तिचा मी मोठा तक्ता करून गणपतीच्या उजव्या हाताला लावला होता: 'प्लूटोचा पहिला शोध मराठी माणसाचा!' खाली लिहिलं होतं की व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ साली नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं भाकीत केलं, त्याला 'ब्रह्मा' नाव दिलं आणि १९ वर्षांनी तो सापडला. एका कात्रणातून उतरवलं होतं. प्लूटो ग्रह नाही असं ठरल्यावर मला जो राग आला होता तो प्लूटोसाठी नव्हता, या तक्त्यासाठी होता. आपल्या माणसाने शोधलेला ग्रह, आणि तो गोऱ्यांनी काढून टाकला!

समोरच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त गणिताचे शिक्षक राहायचे. पहिल्या दिवशी आरतीनंतर ते तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं आता शाबासकी. ते म्हणाले, "भाकीत खरं ठरलं हे कळलं. त्यांनी गणित काय केलं ते कुठे लिहिलंयस?"

मी म्हटलं, सर, ते मला माहीत नाही.

"मग शोध म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?" एवढंच म्हणाले आणि प्रसाद घेऊन गेले. दहा दिवस मी त्या तक्त्याकडे बघायचं टाळलं.

केतकरांबद्दल नंतर वाचत गेलो ते या एका वाक्यामुळे. जन्म १८५४, नरगुंद. पेशाने शिक्षक, मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात. वेधशाळा नाही, विद्यापीठ नाही. बागलकोट-विजापूरकडे राहून हा माणूस युरोपातले ग्रहगणिताचे ग्रंथ वाचत होता आणि त्यातलं गणित आपल्या पंचांगकर्त्यांना वापरता यावं म्हणून संस्कृत श्लोकांत बसवत होता. 'ज्योतिर्गणितम्' हा त्यांचा मोठा ग्रंथ. तो का लिहावा लागला हे कळायला आपल्याकडचा एक जुना वाद माहीत हवा.

एकोणिसाव्या शतकात आपली बहुतेक पंचांगं 'ग्रहलाघवा'वरून होत. गणेश दैवज्ञांचा हा ग्रंथ १५२० च्या आसपासचा, फार सोयीचा, पण साडेतीनशे वर्षांत चूक साचत गेलेली. पंचांगात एक आणि आकाशात दुसरं अशी वेळ आली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली, आणि १८६५ पासून त्यांच्या गणिताचं पटवर्धनी पंचांग सुरू झालं. त्यावरून जी जुंपली ती पुढे दोन पिढ्या चालली. धर्मशास्त्राला कुठलं गणित चालतं? ऋषींनी सांगितलेलं की डोळ्यांना दिसतं ते? टिळक स्वतः छत्र्यांचे विद्यार्थी, त्यांनी यात जन्मभर लक्ष घातलं. १९०४ ला मुंबईत, १९२० ला सांगलीला परिषदा झाल्या. प्रागला खगोलशास्त्रज्ञ छत्रीखाली ग्रह धरून वाद घालत होते (खरंच, जोसेलिन बेल बर्नेल यांनी 'ग्रह' या शब्दाची छत्री उघडून त्याखाली कोण येतं ते सभेला दाखवलं होतं), त्याच्या शंभर वर्षं आधी आपल्याकडे शास्त्री, ज्योतिषी आणि गणिताचे प्राध्यापक एका मांडवात बसून भांडत होते. आणि तिथेही एकमत झालं नाही!

कारण गणित सुधारलं तरी ते कुठल्या बिंदूपासून मोजायचं हा प्रश्न उरलाच. राशिचक्राची सुरुवात रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापासून धरायची, की चित्रा या ठळक ताऱ्याच्या बरोबर समोरच्या बिंदूपासून? दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक. टिळक पंचांग रेवतीचं. केतकर चित्रापक्षाचे खंदे पुरस्कर्ते. चार अंशांनी काय होतं म्हणाल तर काही वर्षी अधिक महिनाच वेगळा पडतो, आणि एका घरात सण असतो तेव्हा दुसऱ्या घरात नसतो. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारची पंचांग सुधारणा समिती बसली, तिने १९५५ च्या अहवालात चित्रापक्षच घेतला. आज बहुतेक पंचांगं आणि कुंडल्यांची सॉफ्टवेअरं तोच अयनांश वापरतात. म्हणजे केतकर आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर आहेत. माझ्या तक्त्यात यातला एक शब्दही नव्हता.

आता 'ब्रह्मा'. १९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत केतकरांचा लेख आला. गुरूच्या तीन उपग्रहांच्या गतींत एक ठरावीक नातं आहे, ते लाप्लासने दाखवलं होतं. तसंच नातं बाहेरच्या ग्रहांत असावं असं धरून केतकरांनी पुढच्या दोन ग्रहांच्या जागा काढल्या. पहिला ब्रह्मा: सूर्यापासून पृथ्वीच्या ३८.९५ पट दूर, एका फेरीला २४२.२८ वर्षं. दुसरा विष्णू, आणखी खूप लांब. प्लूटोचे खरे आकडे ३९.४८ पट आणि २४८ वर्षं. अंगावर काटा येतो की नाही?

माझ्याही आला होता. पण सरांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर पुढचंही सांगायला हवं. त्या काळात नेपच्यूनपलीकडचा ग्रह शोधणारे केतकर एकटे नव्हते. अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेलने तर स्वतःच्या वेधशाळेत त्यासाठी आयुष्य घालवलं. १९१६ ला तो गेला. १८ फेब्रुवारी १९३० ला क्लाइड टॉमबॉ या चोवीस वर्षांच्या मुलाला त्याच वेधशाळेच्या फोटोंत प्लूटो सापडला, तोही लॉवेलने सांगितलेल्या जागेच्या जवळपास. १३ मार्चला घोषणा झाली, हर्षल सापडला ती तारीख आणि लॉवेलचा जन्मदिवसही. लॉवेलचं गणित खरं ठरलं असं सगळ्यांना वाटलं. मग प्लूटो वर्षानुवर्षं आक्रसत गेला. १९७८ ला शेरॉन सापडला, त्यावरून प्लूटोचं वजन नक्की करता आलं, आणि ते निघालं पृथ्वीच्या जेमतेम पाचशेव्या हिश्शाएवढं. आपल्या चंद्रापेक्षाही कितीतरी कमी. एवढ्या चिमुकल्याने युरेनसला हलवणं शक्यच नव्हतं. १९८९ ला व्हॉयेजर-२ नेपच्यूनजवळून गेलं, नेपच्यूनचं वजन सुधारलं, आणि लॉवेलने ज्या चुकांवर सगळं उभं केलं होतं त्या चुका १९९३ मध्ये कागदावरून नाहीशा झाल्या. लॉवेलचं भाकीत बरोबर आलं ते योगायोगाने.

केतकरांचंही तसंच म्हणावं लागेल. पहिल्यांदा हे मान्य करताना मला आतून बरं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. तक्ता उतरवावा लागतो ना. मात्र इथे एक छोटीशी अडचण आहे, आणि ती मला फार आवडते. १९६० च्या दशकात कॉम्प्युटरवर प्लूटोची कक्षा हजारो वर्षं पुढे चालवून पाहिली, तेव्हा दिसलं की नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोबर दोन. नेपच्यूनने त्याला त्या तालात बांधून ठेवलंय. दोघांच्या वाटा जवळ येतात तरी ते एकमेकांच्या जवळ कधीच येत नाहीत, ते या तालामुळे. बाहेरच्यांच्या गतींत साधं नातं असावं ही केतकरांची समजूत अगदी हवेतली नव्हती तर. त्यांनी धरलेलं नातं हे नव्हे, यावरून काढलेला आकडाही त्यांचा नव्हे, पण ज्या दिशेने बघत होते तिकडे खरंच काहीतरी होतं. 'शोध' म्हणण्याइतकं नाही. 'काहीच नाही' म्हणण्याइतकंही नाही. असलं वाक्य तक्त्यावर मावत नाही हीच पंचाईत.

प्लूटो सापडल्याची बातमी मार्च १९३० ची. केतकर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले.

आणि प्लूटोला काढलं यात एवढं नवल तरी काय होतं? १ जानेवारी १८०१ ला पिआझीने सेरेस शोधला तेव्हा तोही ग्रहच होता. पाठोपाठ पॅलस, जूनो, व्हेस्टा. चाळीसेक वर्षं पोरं शाळेत हे ग्रह पाठ करत होती. १८४५ पासून पुन्हा सापडायला लागले, १८५१ पर्यंत पंधरा झाले, आणि गुपचूप त्यांची वेगळी यादी होऊन ते लघुग्रह झाले. कुणी मतदान घेतलं नाही, कुणी मोर्चा काढला नाही. प्लूटोच्या पट्ट्यातही १९९२ पासून तेच चाललं होतं. २००५ ला माइक ब्राउनच्या चमूने तो नंबरप्लेटवाला जाहीर केला, प्लूटोपेक्षा वजनदार, आणि प्रश्न अंगावर आला: याला घ्या, नाहीतर त्याला काढा. पुढे त्या नव्याला एरिस हे भांडणाच्या देवीचं नाव दिलं. बरोबरच दिलं.

प्रागचा निर्णय मला तरी पटतो, पण पद्धत नाही पटत. जवळजवळ नऊ हजार सभासद, आणि शेवटच्या दिवशी दुपारी मत द्यायला सभागृहात ४२४. बारा ग्रहांचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष ओवेन गिंगरिच, स्वतः खगोलशास्त्राच्या इतिहासाचे अभ्यासक, ते त्याआधीच घरी परतले होते. आमच्या सोसायटीच्या जनरल बॉडीची आठवण येते: महत्त्वाचा विषय शेवटी, आणि तोवर निम्मे लोक जेवायला गेलेले. ग्रहाने आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला असावा ही तिसरी अट प्लूटोला नडली. त्याला नाव मिळालं बटुग्रह. मराठीत बटू म्हणजे मुंज झालेला मुलगासुद्धा, त्यामुळे मला ही बढतीच वाटते.

२००६ च्या गणपतीत आम्ही शेवटी काय केलं? आठ ग्रह वर लटकवले. प्लूटोला जरा खाली, बाजूला, वेगळ्या दोरीवर. खाली चिठ्ठी: 'निर्णय प्रागला झाला आहे, तक्रारी तिकडे कराव्यात.' आजींना ती फार आवडली.

जुलै २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेलं, त्याचे फोटो आले. बर्फाचं भलं मोठं पांढरं मैदान, डोंगर, निळसर धुकं, आणि व्यास २,३७७ किलोमीटर. मी ते फोटो मोबाइलवर घेऊन समोरच्या बिल्डिंगमध्ये गेलो. सरांची नजर तोवर अधू झाली होती. मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "केतकरांचं गणित मिळालं का?" मी नेपच्यूनच्या तीन आणि प्लूटोच्या दोन फेऱ्यांचं सांगितलं, ब्रह्माचे आकडे सांगितले. त्यांनी पेन मागितलं आणि दुधाच्या बिलामागे १६४.८ ला दीडने गुणलं. २४७.२. खाली २४२.२८ लिहिलं आणि दोहोंमध्ये एक आडवी रेघ मारली. "पाच वर्षांनी चुकला," म्हणाले. "पण बघ, त्याने आकडा दिला. चुकलाय असं म्हणता येईल असा आकडा."

ते बिल मी आणलं नाही, याची आता चुटपुट लागते. बिल्डिंग रिकामी होईपर्यंत त्यांची खोलीही दुसऱ्यांकडे गेली होती.

थर्माकोलचा गोळा मात्र पिशवीत घालून भाड्याच्या घरी आणलाय. तक्ता कुठे सापडला नाही. बरंच झालं.